वेळजाईच्या डोक्यावरची बोट

करंजवेळच्या वेळजाईला हात जोडायचे ते आधी वर बघून. देवीच्या डोक्यावर कौलं नाहीत, उपडी घातलेली अख्खी बोट आहे. तिच्या फासळ्या मात्र मोजत बसू नका, मान अवघडते आणि पुजारी ताटकळतो.

ही बोट मासळीची नव्हे. राणीच्या राज्यात विलायतेला निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली. अंग निमुळतं, पोटाखाली शिशाचं वजन, वर आभाळाएवढं शीड. तिकडच्या गार समुद्रात तिनं चांदीचे पेले जिंकले, असं सांगतात. पुढे तिच्याहून चपळ बोटी निघाल्या आणि हात बदलत बदलत ती इथल्या जकातीच्या साहेबाकडे आली. गावानं तिला नाव ठेवलं बगळी. सुकाणू धाकू तांडेलाच्या हाती.

तेव्हा किनाऱ्यावरच्या या देवळाला नुसत्या चार भिंती होत्या. घालावं ते छप्पर वारा उडवून न्यायचा.

पहिल्याच नारळी पौर्णिमेला धाकूच्या बायकोनं, येसूनं, घोळ घातला. इथली रीत अशी की गावच्या होड्यांची बायकांनी ओटी भरायची. ओटी भरली की होडी गावची लेक. रांगेनं ओट्या भरता भरता येसूनं बगळीच्याही नाळीला, पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, तांदूळ-नारळ ठेवला.

"सायबाची पोर पदरात घेतलीस गो," सासू म्हणाली, "आता निस्तर."

बायका हसल्या. साहेबानं तो नारळ फोडून खाल्ला म्हणे. येसू हसली नाही. भरलेली ओटी काही परत घेता येत नाही.

काही वर्षांनी साहेब मायदेशी निघाला. बोट नेणं जमेना, विकवेना. आपल्यामागं काळ्या लोकांनी तिच्यातून बांगडे वाहावेत, हे त्याला सोसणारं नव्हतं. त्यानं हुकूम काढला : पौर्णिमेच्या भरतीला धाकूनं बगळी खाडीबाहेर न्यावी, तळाला भोकं पाडून बुडवावी. नाहीतर तुरुंग. साहेब स्वतः बंगल्याच्या गच्चीत दुर्बीण लावून बसला.

धाकू गिरमिट घेऊन धक्क्यावर आला, तर येसू वाटेतच उभी.

"हुकूम आहे," तो खाली बघत म्हणाला.

"तुम्हाला आहे. मला नाही." तिनं त्याच्या हातातलं गिरमिट काढून घेतलं आणि भर खाडीत भिरकावलं. "ओटी भरलेल्या लेकीच्या पोटाला भोक पाडायचं, तर आधी मला बुडवा."

धाकू एकटाच बगळीवर चढला. खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत साहेब खुशीत होता. तिथं धाकूनं बोट वळवली, असेल नसेल ते शीड चढवलं आणि नाळ सरळ किनाऱ्यावर धरली. तरुणपणीसुद्धा बगळी तशी धावली नसेल. उधाणाच्या लाटेवर बसून ती वाळूत शिरली, डोलकाठी मोडली, शिशाचं वजन खडकात तुटून राहिलं, आणि हलकी झालेली बोट उसळून थेट देवळाच्या चार भिंतींवर उपडी पडली. पलीकडच्या गावचे म्हणतात, बैल लावून चढवली. त्यांच्या देवीला अजून पत्रेच आहेत, तेव्हा बोलणारच.

साहेब शिपाई घेऊन आला. आत येसू आणि गावच्या सगळ्या बायका देवीभोवती मांडी घालून बसलेल्या, दारात धाकू, केसांतून पाणी निथळतंय. बोट खाली ओढा, साहेब गरजला. कुणाच्या परवानगीनं आणलीत?

"लेक माहेरी आणायला परवानगी कसली?" येसू बसल्या जागेवरून म्हणाली. "तुम्हाला ती पाण्यावर नको होती. नाही पाण्यावर. मासळी वाहायला नको होती. नाही वाहत. आता काढायची तर देवीला उघडी करा, आम्ही इथंच आहोत."

शिपाई गावचेच. त्यांनी आधी चपला काढल्या, मग हात जोडले. साहेबाची आगबोट बंदरात भोंगा देत होती. तो शिव्या देत गेला, आणि धाकूला धरून न्यायला पुढं कुणीच आलं नाही.

त्यानंतर किती वादळं झाली, छप्पर हललं नाही. आजही करंजवेळात नवी होडी पाण्यात लोटण्याआधी तिची ओटी भरतात, आणि तांडेलाची बायको सुताराचं गिरमिट घेऊन खाडीत भिरकावते. सुतार लबाड. हटकून झिजलेलं आणतात. बायकाही पक्क्या. धार बोटानं तपासतात, बोथट निघालं तर त्याला घरी पिटाळतात, आणि चांगलं येईपर्यंत होडी कुणाला ढकलू देत नाहीत.