काजळी काढण्याआधीची पणती

एकदा एका गृहिणीने आषाढाच्या अखेरीस देवीपुढे हात जोडून एक नेम धरला. तो उपवासाचा नव्हता की प्रदक्षिणांचा नव्हता. "आई, दिवाळीपर्यंत माझ्या दोन्ही लेकरांना मी रोज घरी शिकवीन. एका दिवसाचाही खंड पडू देणार नाही," एवढेच ती म्हणाली, आणि कुंकवाचे बोट कपाळी लावून उठली.

तिचे नाव सगुणा. नेमाला कारणही तसेच घडले होते. गाव नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. मधला लाकडी साकव पुरात वाहून गेला होता, आणि नवा बांधायचा तर पाणी ओसरून थंडी पडायला हवी. गावातल्या कित्येक घरांनी मुलांना मामाकडे, आत्याकडे पाठवून दिले. सगुणेचे यजमान मात्र वसतिगृहाचे मनावर घेऊन बसले होते.

"तालुक्याला ठेवू दोघांना. तिथं शिस्त असते," ते म्हणाले.

"अहो, गजू अजून रात्री माझा पदर धरून झोपतो. मी शिकवते ना घरी! सातवीपर्यंत शिकलेय मी."

"शिकवशील गं. पण आज गौरी, उद्या पितर, परवा पाहुणे. घरातली शाळा ती! दिवाळीपर्यंत बघतो. नाही जमलं, तर भाऊबीज झाली की मी स्वतः पोचवून येईन."

ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच ते बोलल्याप्रमाणे करतील, हे सगुणेला पक्के ठाऊक होते.

श्रावण सरळ गेला. सकाळी चूल लावायच्या आधी पडवीत घोंगडे अंथरायचे, इंदूने मोठ्याने वाचायचे, गजूने पाटीवर गणिते करायची. गणपतीत मोदकाच्या कळ्या दुमडता दुमडता तिने व्याकरण शिकवले. पितृपक्षात घास बाहेर ठेवून कावळ्याची वाट पाहताना भूगोल झाला. एक दिवस चुकू दिला नाही. फक्त एवढेच झाले की, मुले आताशा हसत नव्हती. ताप असो, खोकला असो, आई पाटी पुढे सरकवायची. गजू एकदा म्हणालाही, "आई, तुझा नेम आहे की माझी शिक्षा?" तिने ते हसण्यावारी नेले, पण रात्रभर ते तिच्या मनात टोचत राहिले.

नवरात्र आले. देवळातल्या कीर्तनासाठी आक्का आल्या आणि सगुणेकडेच उतरल्या. या आक्का सगुणेच्या माहेरच्या गावच्या, आयुष्यभर देवीची कीर्तने केलेल्या वृद्ध विदुषी. लहानपणी सगुणा त्यांच्यापाशी बसून ओव्या शिकली होती. त्यामुळे आजही त्या आल्या की ती त्यांची शिष्याच होऊन जाई.

घरात घट बसले, अखंड दिवा लागला. सासूबाई होत्या तोवर दिव्याचे सगळे त्याच पाहत. त्या गेल्यावरचे हे पहिलेच नवरात्र. सगुणेला एवढेच ठाऊक होते की, दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. ती तेल घालायची तेसुद्धा श्वास रोखून. मुलांना तर देवघराच्या उंबऱ्याशीसुद्धा फिरकू द्यायची नाही.

पाचव्या माळेच्या दिवशी आभाळ अचानक काळे झाले. लवकर पिकणारे हळवे भात कापणीला आले होते. पाऊस पडला असता तर उभे पीक आडवे झाले असते. दिव्यापाशी आक्का थांबल्या आणि घरातले झाडून सगळे कोयत्या घेऊन शेतात उतरले. दिवसभर कापले, बांधले, वाहिले. भात वाचले. पण पडवीत घोंगडे अंथरले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणेने मुलांना हाक मारली नाही. पाट्या पुसून तिने वरच्या फळीवर ठेवून दिल्या, पुस्तके फडक्यात बांधली.

"हे गं काय?" आक्कांनी विचारले.

"नेम मोडला, आक्का." सगुणेचे डोळे भरून आले. "देवीला शब्द दिला होता. आता कुठल्या तोंडानं शिकवू? ह्यांचंच खरं झालं. भाऊबीजेला जाऊ देत पोरं."

आक्का देवघरात गेल्या, आणि दिव्याकडे बघून म्हणाल्या, "सगुणे, काजळी केवढी धरलीय बघ. ज्योत पार कोंडलीय."

"हात नका लावू, आक्का! हलला तर विझेल."

"आणि नाही हलवला तर?"

आक्कांनी कोनाड्यातली एक मातीची पणती घेतली, तिच्यात तेल-वात घातली, अखंड दिव्यावर ती पेटवली आणि शांतपणे बाजूला पाटावर ठेवली. मग काडी घेतली, आणि सगुणेच्या डोळ्यांदेखत देवीपुढच्या दिव्याची ज्योत तेलात दाबून टाकली.

चर्र झाले. धुराची एक रेघ वर गेली.

"आक्का!" सगुणा किंचाळली. दाराआडून डोकावणारा गजू धावत आत आला. "आजी, तुम्ही देवीचा दिवा विझवलात! आता देवी तुम्हाला सोडणार नाही."

"नाही सोडलं तर बरंच की रे. इतकी वर्षं तिचंच खातेय," आक्का म्हणाल्या. त्यांनी सावकाश काजळी काढली, जळकी वात बाजूला केली, नवी वात तेलात भिजवली, दिवा फडक्याने लखलखीत पुसला. मग पणती उचलली आणि तिच्या ज्योतीवर दिवा पुन्हा लावला. ज्योत अशी सरळ, उंच उभी राहिली की घटावरचे तुरे पिवळेजर्द दिसू लागले.

"आता सांग, खंड पडला?"

सगुणेने पणतीकडे पाहिले, मग दिव्याकडे. ती म्हणाली, "नाही. ज्योत तीच आहे. पणतीत होती."

"मग ऐक," आक्का म्हणाल्या. "अखंड म्हणजे ज्याला कधी हात लागत नाही ते नव्हे. वारा यायचाच, वात जळायचीच. तुझ्या सासूबाईसुद्धा रोज काजळी काढायच्या, पण आधी पणती लावून घ्यायच्या. खंड येणार हे धरून जी आधी तजवीज करते, तिचं व्रत अखंड. तू नेम धरलास तो मोठा, पण शेजारी पणती ठेवली नाहीस. म्हणून वाऱ्याची भीती वाटत राहिली. आणि भीतीनं मुलांवर काजळी धरू दिलीस ती वेगळीच."

शेवटचे वाक्य सगुणेला लागले. ती खाली मान घालून म्हणाली, "पण काल तर पणतीही नव्हती ना, आक्का."

आक्कांनी दाराकडे पाहिले. "इंदू, काल बांधावर तुम्ही दोघं कशावरून भांडत होता गं? घरापर्यंत ऐकू येत होतं."

इंदू ओशाळली. "भारे बांधताना मी ह्याला तेराचा पाढा विचारत होते. हा तेरा साती ब्याण्णव म्हणतो आणि वर मलाच वेडी म्हणतो."

"एक्क्याण्णव, माहितेय मला," गजू पुटपुटला. "मुद्दाम म्हटलं मी."

"बघ," आक्का सगुणेला म्हणाल्या. "काल तुझ्या लेकीनं पणती लावली होती. तुझं लक्ष विझलेल्या दिव्याकडे होतं. पण काल ती आपसूक लागली. यापुढे आदल्या दिवशीच लावून ठेवत जा."

सगुणेने डोळे पुसले आणि फळीवरच्या पाट्या खाली घेतल्या.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की सगुणा उद्याच्या धड्याबरोबर आणखी एक लहानसा धडा काढून ठेवी. तिच्यावाचूनही मुलांना करता येईल असा; न लागलेला पुढच्यासाठी शिल्लक राही. कधी शेजारच्या आजोबांना वाचून दाखवायचे एक पान, कधी शेतात रचलेल्या भाताच्या उडव्यांभोवती पळत म्हणायचा एक पाढा. आणि कुणाच्या अंगात तापाची कसर असली तर पाटी तशीच राही. कवितेच्या चार ओळी ऐकल्या तरी पुरे. सकाळी उठल्या उठल्या मुलेच विचारू लागली, "आई, आज दिवा की पणती?" पाहुणे आले, दसऱ्याची धांदल झाली, भाताची झोडणी सुरू झाली, की उत्तर यायचे, "पणती!" आणि दोघे उड्या मारत पळायचे.

कोजागिरीनंतर मात्र खरा वारा आला. शरदातला ताप गावभर फिरत होता, तो सगुणेलाच लागला. ती अंथरुणाला खिळली. हाक मारायचेही त्राण उरले नाही. एका दुपारी ग्लानीतून जागी झाली, तो पडवीतून इंदूचा आवाज येत होता, आणि तिच्यामागे गजूचा. ती कान देऊन पडून राहिली.

तेवढ्यात यजमान शेतावरून आले. पडवीत घोंगडे अंथरलेले पाहून ते थबकले. "तुमची आई आजारी आहे ना? मग हे कुणी सांगितलं करायला?"

"कुणी नाही," इंदू म्हणाली. "आईनं पणत्या लावून ठेवल्यात. आठवडाभर पुरतील एवढ्या."

त्यांना काही उमगले नाही. ते तिथेच खांबाला टेकून बसले. गजूने संधी साधली. "बाबा, तेरा साती?"

"तेरा साती..." यजमानांनी टोपी मागे सारली. "ब्याण्णव?"

गजू इंदूकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "ताई, भाऊबीज झाली की बाबांना वसतिगृहात पोचवायचं का?"

आतल्या खोलीत सगुणेला हसू आवरेना. बाहेर यजमानही हसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात सगळे एकदम हसत होते. हसू ओसरल्यावर ते आत आले, तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "उतरतोय ताप. आणि ऐक, साकव होईपर्यंत पोरं इथंच शिकू देत. मी पण बसेन म्हणतो सकाळचा. तेराचा पाढा जरा कच्चा आहे माझा."

सगुणेने देवघराकडे पाहून दोन्ही हात जोडले. तिचा नेम अखंड होता.

बायांनो, तुम्हीही यंदा घट बसवाल, अखंड दिवा लावाल. लेकरांच्या शिक्षणाचा, घराचा, कशाचा तरी नेमही धराल. जरूर धरा. फक्त त्या दिव्याशेजारी, वारा सुटायच्या आधी, एक पणती लावून ठेवा, एवढी माझी विनंती.