टिटवीने वाढवलेला काठ

जंगलाच्या पोटात एक तळे होते आणि त्या तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. मुलांनो, तळे भलेमोठे, पण पाखरांना उतरायला मोकळी जागा म्हणाल तर एवढीशी. बाकी सगळीकडे बाभळीचे काटे. त्या जागेवर दिवसभर बदके, करकोचे, पाणकावळे यांची ये-जा. एकाने पंख मिटले नाहीत तोच दुसरा डोक्यावर हजर! कोणी कुठे उतरायचे, ते टिटवी ओरडून सांगे. पण तिचे मन उत्तरेकडे. दर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरांपलीकडून एक हंसीण येई आणि दोघी पोटभर बोलत. गेल्या वर्षी मात्र बगळ्याने ऐन हंगामात अर्धा काठ बंद केला. म्हणे, चिखल थापून जागा वाढवतो! हंसीण थव्यासकट वरून निघून गेली. चिखल पावसाने वाहून नेला. टिटवी वर्षभर आभाळाकडे बघत राहिली.

यंदा थंडी पडू लागताच बगळा पुन्हा पुढे. "या खेपेला सगळाच काठ बंद ठेवू. काम लवकर उरकेल."

"मेल्या, आणि येणाऱ्यांनी काय तुझ्या डोक्यावर उतरायचं?" टिटवी कडाडली.

"आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारीने मला बांधकाम शिकवू नये," बगळा म्हणाला.

तेवढ्यात फांदीवरून सुगरण बोलली, "भांडता कशाला? पलीकडच्या ओढ्यात लव्हाळ्याचे जाडजूड तराफे विणू. दुपारी पाखरं डुलकी घेतात, तेवढ्यात इथे आणून काठ आणि पाण्यातला तो खडक यांच्यामध्ये बांधून टाकू. एक दिवसही काठ बंद नको." मग तिने प्रत्येकाला सारख्या लांबीची एकेक काडी दिली. "माप हेच. दुसरं नाही."

काम झपाट्याने निघाले. बदके आणि बगळा विणत, कासव ओढून आणी, सुगरण गाठी मारी. पाखरे झोपेतून उठत, तो काठ वाढलेला! पण आठव्या दिवशी बगळ्याचे तराफे आले आणि काही केल्या बसेनात. ते लांब झाले होते.

"काडी कुठाय?" सुगरणीने विचारले.

"काडीने कोण मोजतो? मी माझ्या पावलांनी मोजले. माझं पाऊल कधी चुकत नाही."

"पाऊल चुकत नसेल रे, पण सगळ्यांना तुझ्यासारख्या तंगड्या नाहीत ना!" टिटवी म्हणाली.

"बसवा तिरके. फट राहिली तर राहिली."

"हजार कोस उडून आलेलीचा पाय त्या फटीत मोडला तर? उसवा!"

उसवून पुन्हा विणायला चार दिवस गेले. उत्तरेचा वारा सुटला. टिटवीला किडा गोड लागेना. पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा तराफा ओढ्यातून निघाला आणि आभाळात हंसांची रांग दिसली. काठ पाखरांनी भरलेला. एक घिरटी झाली. कासव जीव तोडून ओढत होते. दुसरी झाली. बगळाही मान खाली घालून चोचीने ढकलू लागला. तिसऱ्या घिरटीनंतर रांग दक्षिणेकडे वळली. इकडे तराफा जागेवर बसला. सुगरण शेवटची गाठ मारून ओरडली, "अगं, हाक मार की!" टिटवी उडून त्या खडकावर गेली. मग तिने सगळा जीव एकवटून साद घातली, "उतर गं बाई! जागा आहे!"

रांगेतली एक मान वळली. थवा झुकला आणि तराफ्यांवर अलगद उतरला.

हंसीण टिटवीजवळ येऊन उभी राहिली. "गेल्या वर्षीही तुझा आवाज ऐकला होता मी," ती म्हणाली. "'पुढे जा, पुढे जा' म्हणत होतीस."

"म्हणावंच लागलं गं," टिटवी म्हणाली. "ते माझं मलाच वर्षभर ऐकू येत होतं."

तात्पर्य : जागा वाढवायची म्हणून दार लावून घेऊ नये. तयारी बाजूला बसून, सगळ्यांनी एकाच मापाने करावी. नाहीतर ज्यांच्यासाठी वाढवायची, तेच दारावरून परत जातात.