सरपंचांना चहाचं आमंत्रण

आमच्या करंजवाडीत सगळेच शहाणे, आणि ते सगळे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपचे ॲडमिन सरपंच दौलतराव. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी टाकलं, "आमच्या पक्षानं घरोघरी नळाचं पाणी दिलं!"

वरच्या आळीच्या चंद्राक्कानं कोरड्या नळांचे फोटो, अर्ज, तारखा, सगळं टाकलं.

दौलतराव म्हणाले, "एवढं पुराण कोण वाचतंय? थोडक्यात लिहा."

तिनं लिहिलं, "आमच्या आळीत पाणी येत नाही."

"पुरावा कुठाय? आता एका ओळीत, पुराव्यासकट लिहा. नाहीतर ग्रुपातून काढतो."

बाई गेली असती तर वरच्या आळीचं गाऱ्हाणं मांडणारं कुणी उरलं नसतं. आम्ही बाकीचे काय, नुसते अंगठे टाकणारे!

चंद्राक्कानं लिहिलं, "सरपंच, आत्ता आमच्याकडं चहाला या, दूध-साखर माझी, पाणी तेवढं आमच्या नळाचं तुम्ही भरा."

दौलतरावांचं उत्तर आलं, "मी चहा सोडलाय."

खाली त्यांच्या बायकोनंच विचारलं, "अहो, मग आत्ता मागितलेला दुसरा कप कुणाला देऊ?"

ग्रुपातून एक जण आपणहून गेला खरा, पण ती चंद्राक्का नव्हती.