आबासाहेबांचं डिझेल

आबासाहेब ढमाले हबकलेच. इंजिन पुरतं खोलून नव्यानं बांधलेला त्यांचा ट्रक, त्यावर झेंडूचा हार, आणि किल्ली फिरवली तर नुसताच गुरगुरतोय! नारळ फोडायला बोलावलेल्या पाहुण्यांसमोर ते मिस्त्रीवर कडाडले, "शमीम, आज तुझ्या गॅरेजला टाळंच ठोकतो!"

शमीमनं डिझेलच्या टाकीत काठी घातली. ती कोरडी ठणठणीत बाहेर आली.

"शेठ, यातलं डिझेल कुठं गेलं?"

"गाडी तुझ्याकडं सोडतानाच काढून घरी नेलं," आबासाहेब गरजले. "तुम्हा गॅरेजवाल्यांचा काय भरवसा?"

"मग इंजिन घरीच चालू झालं असेल. जाऊन बघा!"

आबासाहेबांनी आ वासला. हातातला नारळ सुटला आणि त्यांच्याच पायाशी फुटला.