रानबोक्याचा डाग

एका जंगलात एक रानबोका राहत असे. राहत असे म्हणायचं आपलं, त्याला सुखानं राहू दिलं कुणी नाही. त्यानं एकदा तितरिणीचं पिल्लू उचललं होतं. खरंच उचललं होतं, लेकरांनो, त्यात खोटं काही नाही. तितरीण दाण्याला चोच लावीना. मग जंगलानं त्याला ओढ्यापलीकडे हाकललं. अख्खा पावसाळा त्यानं उघड्या खडकावर भिजत काढला. शिक्षा संपली, तेव्हा मान खाली घालून परत आला. म्हणाला, "आता उंदीर-बेडूक खाईन. पिल्लांकडे बघणार नाही."

"ते आम्हाला कसं कळायचं?" कावळा म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून बिब्बा फोडला आणि त्याचं तेल बोक्याच्या कपाळाला फासलं. परीट कपड्यावर खूण करतो ना, तोच बिब्बा. कातडी भाजते, आणि डाग काही जन्मात जात नाही. त्या दिवसापासून तिन्हीसांजेला कावळा सावरीच्या शेंड्यावर बसून ओरडायचा, "डागवाला ओढ्याशी! डागवाला करवंदीच्या जाळीत!" की सगळं जंगल गप्प. पान हलायचं नाही. बोका जाईल तिथं ती शांतता त्याच्या आधी पोचलेली असे. पाण्यावर गेला तर पिणारे उठून जात. कपार शोधली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात काटे भरलेले. आणि गवतातून, फांद्यांमधून नुसते डोळे. एकाही डोळ्याची पापणी लवत नसे.

तितरिणीला मात्र पुन्हा झोप लागू लागली. नवी पिल्लं झाली, त्यांना तिनं शिकवलं, "डाग दिसला की जाळीत शिरायचं. डाग नसला तर भ्यायचं नाही." पिल्लांनी ते घोकून घोकून पाठ केलं.

एका सांजेला कावळा ओरडला, "डागवाला वारुळामागच्या कपारीत! तितरिणीच्या घराजवळ!" झालं. ससे धावले, सायाळ धावली, वानरं धावली. पिल्लांना "इथंच बसा रे" म्हणून तितरीणही धावली. सगळ्यांनी कपारीचं तोंड अडवलं. आतून बोक्याला त्यांच्या पायांमधून समोरची गवताची उतरण दिसत होती. तिच्यावरून तितरिणीच्या घराकडे घोरपड चालली होती. जुनी, शांत घोरपड. तिच्याबद्दल कधी कुणी वाईट बोललं नव्हतं.

"आई कुठं गेली, बाळा?" घोरपडीनं विचारलं.

"डागवाल्याला बघायला," धाकटं पिल्लू म्हणालं.

"बरं केलं. आणि माझ्या अंगावर आहे का रे डाग?"

पिल्लानं तिच्याभोवती एक फेरी मारली. नाकापासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं. "नाही, मावशी."

"मग ये की जवळ."

इकडे बोका कपारीतून ओरडला, "अगं तितरिणी, मागं बघ! पिल्लांकडे पळ!"

"बघा, बघा, पिल्लांचं नाव घेतोय मेला!" वानर म्हणालं आणि त्यानं दगड भिरकावला. मग सगळ्यांनीच दगड उचलले.

तितरीण घरी आली तर एक पिल्लू नव्हतं. पीस नाही, रक्त नाही, आवाज नाही. उरलेली पिल्लं शहाण्यासारखी रांगेत बसली होती. "आई, आम्ही पळालो नाही हं," थोरलं म्हणालं. "डाग नव्हता ना."

तितरिणीचा टाहो ऐकून सगळे पुन्हा कपारीवर चालून गेले. "यानंच नेलं!"

"नेईल कसा?" सायाळ हळूच म्हणाली. "आपण सगळे त्याच्याच दारात बसलो होतो."

तेव्हा जी शांतता पडली ती कावळ्यानं पाडलेली नव्हती. जो तो शेजारच्याच्या कोऱ्या कपाळाकडे बघू लागला. बघता बघता प्रत्येक जण एकेक पाऊल मागं सरला.

बोका बाहेर आला. त्याचा कान फाटला होता.

"तू पाहिलंस?" तितरिणीनं विचारलं.

"पाहिलं. ओरडलोही."

"पहिलं पिल्लू तू खाल्लंस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"विसरू नकोस," बोका म्हणाला.

"पण आत्ता बोल. आज मी ऐकते."

"घोरपड," बोका म्हणाला.

"छे! तिच्या कपाळावर तर काहीच नाही," कावळा सवयीनं बोलून गेला. आणि आपलाच आवाज ऐकून त्याची पिसं उभी राहिली.

तितरिणीनं उरलेली पिल्लं पंखाखाली घेतली. "लेकरांनो, मी चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "कपाळ बघू नका. आई नसताना जवळ कोण येतंय, कशाला येतंय, ते बघा." दुसऱ्या सांजेला कावळा शेंड्यावर जाऊन बसला. सगळं जंगल कान देऊन होतं. त्यानं चोच उघडली, पण नाव कुणाचं घ्यावं ते त्याला कळेना; एका घोरपडीचं घेतलं तरी तिच्यासारखी कोरी कपाळं जंगलभर होती. अंधार पडेपर्यंत तो तसाच, चोच उघडी टाकून, बसून राहिला.

तात्पर्य : शिक्षा भोगून आलेल्याला जन्मभराचा डाग लावला की त्याचं जगणं तर जातंच, आणि ज्याला डाग नाही त्याच्या हाती आपण आपलीच पिल्लं देऊन मोकळे होतो.