वातीआधीची फेरी

फार जुन्या काळी एका खाडीच्या दोन काठांवर दोन राज्यं नांदत होती. मधल्या बेटावर एक मिठागर होतं. अर्धं मीठ या काठाला जायचं, अर्धं त्या काठाला, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अलीकडच्या काठावर एक राणी राज्य करायची. तिचे राजे लवकर गेले होते. पदरी एकुलता एक मुलगा. राणी मनाची चांगली होती, पण तिला हिशेबाचा भारी कंटाळा, आणि असा कंटाळा असलेल्या माणसाला हुशार प्रधान फार आवडतो. एका वर्षी तिजोरी आटली, तेव्हा प्रधान म्हणाला, "त्यात काय एवढं? चांदीच्या नाण्यात थोडं शिसं मिसळू. कुणाला कळणार आहे?"

सगळ्यांना कळलं. शिसं वाढत गेलं आणि चांदी नावापुरती उरली. बायका टोपलीभर नाणी घेऊन बाजारात जात आणि ओंजळभर तांदूळ घेऊन परत येत. कोळ्यांनी नाण्यांना भोकं पाडून ती जाळ्यांना वजनं म्हणून बांधली. पोरं नाण्यांची लगोरी रचू लागली. पलीकडच्या राजाचा प्रधानही असाच हुशार असावा, कारण तिकडेही हेच झालं.

पैशाची अशी माती झाल्यावर किंमत उरली ती फक्त मिठाला. मग दोघांनाही अख्खं मिठागर हवंसं वाटू लागलं आणि लढाई जुंपली. राणीचा मुलगाही लढायला गेला. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर ते. लढाई संपायचं नाव घेईना आणि राणीच्या घशाखाली घास उतरेना.

त्याच राज्यात शोभेची दारू बनवणारा एक म्हातारा कारागीर होता. जत्रेत त्याचे भुईनळे बघायला लांबलांबून माणसं येत. एकदा नवा रंग शोधता शोधता त्याच्या हाती भलतंच काही लागलं. चिमूटभर पूड त्याने उजाड टेकडीवर पेटवून पाहिली, तर टेकडीचा दगड वितळून वाहिला. पुढच्या पावसाळ्यात तिथे गवताची काडी उगवली नाही. पाखरं त्या बाजूला फिरकेनाशी झाली. म्हातारा घाबरला. हे लपवायची त्याला भीती वाटली आणि सांगायचीही वाटली. शेवटी तो दरबारात येऊन सगळं सांगून मोकळा झाला.

प्रधानाचे डोळे चमकले. "घडाभर पूड केली तर?"

"पलीकडचं शहर राहणार नाही," म्हातारा म्हणाला.

प्रधान राणीकडे वळला. "सरकार, एक घडा आणि लढाई खलास. आपली हजारो पोरं घरी येतील. युवराज घरी येतील."

प्रधानाचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. राणीला डोळ्यांपुढे आपला मुलगा दिसला, चिखलात पडलेला. ती म्हणाली, "करा घडा."

घडा तयार झाला. तो होडीत ठेवायचा, लांब वात पेटवायची आणि होडी वाऱ्याबरोबर पलीकडच्या शहराकडे सोडायची, असं ठरलं. कारागीर तो घेऊन आला आणि हात जोडून उभा राहिला. "सरकार, आमच्या धंद्यात एक रीत आहे. जो वात पेटवणार, त्याने आधी मैदानाला फेरी घालायची. प्रत्येकाला सांगायचं, बाजूला व्हा. चुकलेलं मूल असेल तर कडेवर घेऊन बाहेर आणायचं, झोपलेलं कुत्रं असेल तर उठवायचं. फेरी झाल्याशिवाय आम्ही फुलबाजीसुद्धा लावत नाही. वात कोण पेटवणार?"

"हुकूम माझा, तेव्हा वातही मीच पेटवणार," राणी म्हणाली.

"मग फेरी तुमची."

प्रधानाला हसू आवरेना. पण राणीला रीत मोडवेना. तिने दागिने उतरवले, जाडंभरडं लुगडं नेसली, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेतली आणि कासारीण होऊन पलीकडे गेली. लढाई असो नाही तर काही असो, कासारणीला कुणी दार बंद करत नाही.

शहरात शिरल्यावर ती दारोदार तेच सांगत फिरली. "बायांनो, दोन दिवस गावाबाहेर जाऊन राहा. बाजूला व्हा."

कुणी म्हणालं, "आजच गाय व्यायलीय, कशी जाऊ?" कुणी म्हणालं, "पोराला ताप आहे." एक आजोबा म्हणाले, "जायचं तरी कुठं? सगळीकडं तर लढाई." कुणी तिला वेडी ठरवलं, पण पाणी मात्र प्रत्येकीने विचारलं.

एका घरातून हाक आली. "ये गं कासारणी, आमच्या सूनबाईला सातवा लागलाय. हिरव्या बांगड्या भर."

पाय जायबंदी झालेली म्हातारी सासू भिंतीला टेकून बसली होती. सून पुढ्यात येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. राणीने जन्मभर बांगड्या भरून घेतल्या होत्या, भरल्या कधी नव्हत्या. पहिलीच बांगडी तिच्या हातून वाढली, तिचे दोन तुकडे झाले. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला, कारण तिचा नवरा लढाईवर होता.

"असू दे गं, नवखी आहे ती," सासू म्हणाली. "दुसरी भर, बाई. हात दाबू नको, नुसता धरून ठेव. आपोआप सैल पडतो."

राणीने तो हात धरून ठेवला. हात आधी ताठ होता, मग हळूहळू सैल पडला. एकेक बांगडी वर सरकत गेली. नाणी कुणी काढलीच नाहीत. सासूने मूठभर नाचणी पाटीत टाकली आणि म्हणाली, "हिचा नवरा सुखरूप येऊ दे, एवढं म्हण. आणि पलीकडच्या त्या राणीचा पोरगाही लढाईवर आहे म्हणे. तोही येऊ दे. बिचारी तिकडे एकटीच असेल."

राणीला रडू कोसळलं. सासू-सुनेला वाटलं, हिचंही कुणीतरी लढाईवर असणार. सुनेने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला गूळपाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत राणीने सगळ्या शहराला फेरी घातली. एकही माणूस बाजूला झालं नव्हतं. ती परत आली तेव्हा काठावर घड्याच्या होडीजवळ प्रधान पेटता पलिता हातात घेऊन उभा होता.

"सरकार, वात तयार आहे."

"मैदान मोकळं नाही," राणी म्हणाली.

"अहो, ते शत्रू आहेत. आणि युवराजांचं काय? उद्या त्यांना काही झालं तर?"

राणी म्हणाली, "झालं तर मी जन्मभर रडेन. पण माझं रडू चुकवायला मी त्या गावाला जाळणार नाही." तिने पलिता त्याच्या हातातून घेतला आणि पाण्यात बुडवला. कारागीर खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी राणी पांढरं निशाण लावलेल्या होडीतून, सोबत एकही शिपाई न घेता, पलीकडच्या राजाला भेटायला गेली. तो काही लगेच ऐकणारा नव्हता. बोलणी लांबत गेली, रुसवेफुगवे झाले, आणि मधल्या काळात लढाई चालूच राहिली. पण अखेर मीठ पुन्हा अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं ठरलं. राणीने महालातली चांदीची भांडी वितळवून खरी नाणी पाडली आणि हिशेब स्वतः बघायला लागली. कारागिराने घडा उघडून ती पूड चिमटीचिमटीने निकामी केली. करायला लागला होता त्याहून मोडायला त्याला किती तरी जास्त वेळ लागला.

युवराज घरी आला, तो कुबडी घेऊन. तहाच्या आदल्याच आठवड्यात त्याचा एक पाय गेला होता. राणी त्याला हाताने भरवायची, जखम धुवायची. तो फारसं बोलत नसे.

एके दिवशी अंगणात बसला असताना तो म्हणाला, "आई, तुझ्याकडे एक घडा होता असं प्रधानजी म्हणाले. तू तो पेटवला असतास तर माझा पाय वाचला असता. खरं आहे?"

राणीला सबब सांगता आली असती. तिने सांगितली नाही. "खरं आहे, बाळा. तुला काही होऊ शकतं, हे तेव्हाही मला ठाऊक होतं."

मग तिने त्याला शहराच्या फेरीची हकीकत सांगितली. गाईची, ताप आलेल्या पोराची, भिंतीला टेकून बसलेल्या सासूची. सांगून झाल्यावर ती मान खाली घालून बसली. मुलगा कितीतरी वेळ आपल्या पायाकडे, जिथे पाय नव्हता तिकडे, बघत राहिला. त्याला राग आला होता का, हे राणीला कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

अखेर त्याने कुबडी बाजूला सारली आणि हात पुढे केला.

"धर आई," तो म्हणाला. "मला उठायचंय."

तात्पर्य: ज्या आगीपासून कुणालाच बाजूला करता येत नाही, ती आपल्या माणसासाठीसुद्धा लावू नये, तिची किंमत आपल्याला मोजावी लागली तरी.