हात न लावलेली जवारी

"मग तुम्ही मला एकदाही चांगलं का नाही म्हटलंत, चाचा?"

बोलून झाल्यावर मगदूम स्वतःच दचकला. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या त्या गल्लीत दस्तगीरचाचांना असा जाब विचारायची कुणाची टाप नव्हती.

चाचांनी हातातला तंबोऱ्याचा भोपळा खाली ठेवला.

मगदूम काही कोवळा शिष्य नव्हता. कारखाना बंद पडला तेव्हा, मुलीचं लग्न ठरवायच्या वयात, तो चाचांपुढे शिकायला बसला होता. अशा वयात शाबासकीची भूक जरा जास्तच लागते. लहान पोराला ती निदान आई तरी देते.

आणि एक दिवस, काही न सांगता, तो निघून गेला होता.

आज आला तो स्वतः केलेला तंबोरा घेऊन. आल्या आल्या त्यानं मोबाइल चाचांपुढे धरला होता. पडद्यावर सोनेरी कडेचा गोल बिल्ला, खाली त्याचं नाव.

"हे काय म्हणालास?"

"डिजिटल बॅज. पुण्यातली एक संस्था देते, मोठ्या वयात हुन्नर शिकलेल्यांना. माझी जवारीची परीक्षा घेतली आणि तिथल्या तिथं दिला. जगात कुठंही दाखवा, चालतो."

"बरं."

"आता मीच तिथं परीक्षक आहे. माझ्यासारखेच येतात, केस पिकलेले. काम चांगलं असलं की मी लगेच बॅज देतो. काही जण रडतात हो, चाचा."

"बरं करतोस की."

मगदूम भांडणाची तयारी करून आला होता. ती सगळी वाया गेली.

"टोमणा मारताय?"

"न्हाई रे. मला सांग, तारांखालची घोडी घासून झाली की तंबोरा कुठं ठेवायचास?"

"तुमच्या उजव्या हाताला."

"मी काय करायचो?"

"तार छेडायचात. मग कानस घेऊन पुन्हा घोडी घासायचात, तारेचा झणकार येऊन जवारी खुलेपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"आणि शेवटच्या पावसाळ्यात?"

मगदूमला आठवायला वेळ लागला नाही. ते दुखणं त्यानं पुण्यापर्यंत वाहून नेलं होतं.

"तार छेडायचात आणि तंबोरा तसाच भिंतीवरच्या खुंटीला लावायचात. कानसेला हातसुद्धा नाही. मी म्हटलं, संपलं. हा गडी सुधारायचा नाही म्हणून चाचांनी नाद सोडला. म्हणून तर गेलो मी."

...

"माझ्या बापानं माझ्या कामाला हात लावायचं सोडलं," चाचा सावकाश म्हणाले, "त्या दिवशी माझ्या आईनं गल्लीत साखर वाटली होती."

मगदूम जरा पुढं सरकला.

"इथं जन्मलेल्या पोराला हे सांगावं लागत न्हाई. तू बाहेरून आलेला. तुला कुणी सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही होतात की."

"हां. मीच होतो."

दोघांनाही वाईट वाटलं, आणि दोघांनीही ते लपवलं नाही. किती सोप्या गोष्टीसाठी किती वर्षं गेली.

मगदूमनं डोळे पुसले. आणलेला तंबोरा मांडीवर घेतला, खुंट्या पिळल्या, जोडीच्या तारा मिळवल्या. घोडीवर तारेखालचा दोरा नखानं किंचित सरकवला. मग तंबोरा उचलून चाचांच्या उजव्या हाताला ठेवला.

चाचांनी तार छेडली. डोळे मिटले.

कानस त्यांच्या पायाशीच पडली होती.

मगदूम त्यांच्या बोटांकडे बघत होता. बोटं मांडीवर तशीच राहिली. मग चाचांनी तंबोरा उचलला आणि खुंटीला लावून टाकला.

मगदूमला हुंदका आवरेना. त्यानं मोबाइल चटईवर पालथा टाकला आणि चाचांचे पाय धरले.

"कळलं, चाचा. आता मला दुसरा कुठला बॅज नको."

चाचांनी पाय मागे ओढून घेतले.

"तो मोबाइल उचल, बाबा. जपून ठेव," ते म्हणाले. "तू गेल्यानंतर माझे कान गेले. माणसाचं बोलणं तेवढं कळतंय अजून... जवारी ऐकूच येत न्हाई."